दारावरची ओळख : संगणकाच्या जाळ्यातील पहारेकरी माणूस आणि यंत्र कसे ओळखतो

अंबरनाथ पूर्वेला वालधुनी नदीच्या काठी शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे, शिलाहारकालीन शिवमंदिर उभे आहे. त्याच अंबरनाथच्या पूर्वेस आनंदनगरची औद्योगिक वसाहत पसरली आहे. सकाळची पाळी सुरू होण्याच्या सुमारास तेथील एखाद्या कारखान्याच्या फाटकापाशी उभे राहिल्यास एक नेहमीचे दृश्य दिसते. पहारेकरी आलेल्या वाहनाचा क्रमांक पाहतो, आत बसलेल्या माणसाचे ओळखपत्र पाहतो, त्याला कोणत्या विभागात जावयाचे आहे हे विचारतो, वहीत वेळ लिहितो आणि मग अडसर वर करतो. वाहन ओळखीचे असले तरी आतील माणूस अनोळखी असू शकतो, आणि माणूस ओळखीचा असला तरी त्याला रसायनांच्या कोठारात जाण्याची मुभा असेलच असे नाही. हे दोन भेद त्या पहारेकऱ्याला अनुभवाने ठाऊक असतात.

आज नगरपरिषद, तहसील कार्यालय, शाळा, आरोग्य केंद्र आणि ग्रामपंचायत या सर्व ठिकाणी कामकाज संगणकावर चालते. जन्ममृत्यूच्या नोंदी, मालमत्ता कराची मागणी, विद्यार्थ्यांची माहिती आणि विकासकामांची देयके हे सारे संगणकांच्या जाळ्यातून ये-जा करते. या जाळ्याच्या फाटकावरही एक पहारेकरी बसविलेला असतो. त्याला फायरवॉल म्हणतात. तो कोणाला ओळखतो, कसा ओळखतो आणि कोठे फसतो, याची माहिती संगणकतज्ज्ञांइतकीच कार्यालयप्रमुखाला, मुख्याध्यापकाला आणि पंचायत सदस्याला असणे अगत्याचे आहे. याचे कारण असे की पहारेकऱ्याला नियम घालून देण्याचे काम शेवटी त्यांचेच असते.

नाव कोठून आले

इमारतीत एका भागात लागलेली आग दुसऱ्या भागात पसरू नये म्हणून जी जाड भिंत बांधतात, तिच्यावरून हे नाव पडले. संगणकाच्या जाळ्यातून जाणारी माहिती एकसंध प्रवाहासारखी वाहत नाही. ती लहान लहान पुडक्यांच्या रूपाने जाते. प्रत्येक पुडक्यावर, टपालाच्या पाकिटाप्रमाणे, पाठविणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि आतील सेवेचा क्रमांक लिहिलेला असतो. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म नावाच्या आपोआप पसरणाऱ्या आज्ञावलीने अमेरिकेतील हजारो संगणक ठप्प केले, तेव्हा उघड्या फाटकाचा धोका जगाच्या ध्यानी आला. त्या काळातील आरंभीच्या फायरवॉल केवळ पाकिटावरचे पत्ते वाचून पुडके आत सोडावे की अडवावे हे ठरवीत. पुढे १९९० नंतरच्या दशकात, चालू असलेला संवाद लक्षात ठेवणाऱ्या फायरवॉल आल्या. आतून कोणी प्रश्न विचारला असेल तरच बाहेरून आलेल्या उत्तराला वाट द्यावयाची, एवढे शहाणपण त्यांना आले. परंतु पाकिटावरचा पत्ता हा माणसाचा नसतो, तो यंत्राचा असतो. खरी अडचण येथूनच सुरू होते.

यंत्राची ओळख

जाळ्यातील प्रत्येक संगणकाला एक अंकी पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. जुन्या, परंतु आजही सर्वत्र वापरात असलेल्या पद्धतीत हा पत्ता चार अंकांचा असतो आणि प्रत्येक अंक ० ते २५५ यांमधील असतो, उदाहरणार्थ, १९२.१६८.१०.२५. या पद्धतीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. जगातील उपकरणांना ते पुरेनासे झाल्यामुळे दोन उपाय निघाले. एक म्हणजे बरेच लांब पत्ते असलेली नवी पद्धत. दुसरा उपाय असा की कार्यालयाच्या आत खाजगी पत्ते वापरावयाचे आणि बाहेर पडताना सर्वांनी मिळून एकच सार्वजनिक पत्ता लावावयाचा. चाळीतल्या सर्व बिऱ्हाडांचे टपाल एकाच घर क्रमांकावर यावे, तसा हा प्रकार आहे. त्यामुळे बाहेरच्या यंत्रणेला पत्र चाळीतून आले एवढेच कळते. कोणत्या खोलीतून आले ते कळत नाही. ते सांगू शकते ती केवळ चाळीच्या दारावरची नोंदवही.

शिवाय आतील पत्तेही बहुधा कायमचे नसतात. सकाळी संगणक सुरू केला की जाळ्यातील एक यंत्रणा त्याला त्या दिवसापुरता मोकळा पत्ता देते. काल जो पत्ता लेखा विभागातील संगणकाचा होता, तोच आज एखाद्या अभ्यागताच्या भ्रमणध्वनीला मिळालेला असू शकतो. म्हणून केवळ आयपी पत्त्यावर विसंबून ‘या पत्त्याला लेख्यांपर्यंत जाऊ द्यावे’ असा नियम करणे, म्हणजे रेल्वेच्या आसन क्रमांकावरून प्रवाशाचे नाव ठरविण्यासारखे आहे.

दुसरी खूण म्हणजे मॅक पत्ता. जाळ्याला जोडणाऱ्या भागावर कारखान्यातच दिलेला हा बारा चिन्हांचा क्रमांक वाहनाच्या चासी क्रमांकासारखा असतो. तो अधिक स्थिर असला तरी त्यालाही मर्यादा आहेत. तो जाळ्याच्या आपल्या भागापुरताच दिसतो, पुढच्या टप्प्यावर पुसला जातो. आज्ञावलीच्या साह्याने तो बदलताही येतो. अलीकडचे भ्रमणध्वनी तर मालकाचा माग कोणी काढू नये म्हणून वेगवेगळ्या वाय-फाय जाळ्यांत वेगवेगळा मॅक पत्ता मुद्दाम धारण करतात. यास्तव या खुणेचा उपयोग यादी ठेवण्यासाठी करावा, पुरावा म्हणून करू नये.

तिसरी आणि सर्वांत भरवशाची खूण म्हणजे डिजिटल प्रमाणपत्र. कार्यालयाने आपल्या प्रत्येक संगणकात एक गुप्त किल्ली व तिच्याशी जुळणारे प्रमाणपत्र ठेवलेले असते. संगणक जाळ्याला जोडला जाताच दारावरची यंत्रणा त्याला एक आव्हान देते. त्याचे बरोबर उत्तर ज्याच्याजवळ ती किल्ली असेल त्यालाच देता येते, आणि उत्तर देताना किल्ली उघड होत नाही. उत्तर चुकले तर भिंतीवरच्या त्या जोडणीतून पुढे काहीच जात नाही. राजमुद्रेचे पत्र दाखविल्याखेरीज गडाचा दरवाजा उघडू नये, तशी ही व्यवस्था आहे.

माणसाची ओळख

यंत्र ओळखले तरी त्याच्यासमोर कोण बसले आहे हा प्रश्न उरतोच. येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. नाव सांगणे वेगळे आणि नाव सिद्ध करणे वेगळे. पानिपतच्या रणसंग्रामानंतर सदाशिवराव भाऊंचे नाव सांगत एक तोतया पुढे आला आणि १७७६ मध्ये त्याचा शेवट होईपर्यंत त्याने पेशव्यांच्या राज्याला बराच त्रास दिला. नाव तर त्याने सांगितले होते, पण ते त्याला सिद्ध करता आले नाही. संगणकावर वापरकर्त्याचे नाव टंकित करणे म्हणजे नाव सांगणे होय. पासवर्ड, भ्रमणध्वनीवर आलेला सांकेतिक अंक अथवा बोटाचा ठसा देणे म्हणजे ते सिद्ध करणे होय.

फायरवॉलला माणसाचे नाव कळण्याचे तीन प्रमुख मार्ग आहेत. पहिला मार्ग थेट विचारण्याचा. वाय-फाय जोडल्याबरोबर पडद्यावर एक पान उघडते आणि नाव व पासवर्ड मागते. तो दिल्याखेरीज पुढे जाता येत नाही. अभ्यागतांसाठी आणि वाचनालयांसाठी हा मार्ग सोयीचा आहे.

दुसरा मार्ग ऐकून घेण्याचा आहे. मोठ्या कार्यालयात सर्व कर्मचाऱ्यांची नावे, गट व पासवर्ड यांची एक मध्यवर्ती नोंदयादी असते. कर्मचारी सकाळी आपल्या संगणकावर लॉग-इन करतो तेव्हा ही नोंदयादी सांभाळणारी यंत्रणा त्याची ओळख पटवून घेते आणि ‘अमुक व्यक्तीने अमुक वेळी अमुक पत्त्यावरून प्रवेश केला’ अशी नोंद करते. फायरवॉल ही नोंद वाचून स्वतःजवळ एक तक्ता बनविते. त्यात एका बाजूला आयपी पत्ता आणि दुसऱ्या बाजूला व्यक्तीचे नाव असते. त्यानंतर त्या पत्त्यावरून येणारे प्रत्येक पुडके त्या व्यक्तीचे मानले जाते. कर्मचाऱ्याला पुन्हा पासवर्ड द्यावा लागत नाही, हा या मार्गाचा फायदा. मात्र तो संगणक तसाच उघडा ठेवून जेवावयास गेला आणि दुसरा कोणी येऊन बसला, तर फायरवॉलच्या लेखी पहिलाच माणूस काम करीत असतो. म्हणून या तक्त्यातील नोंदीला कालमर्यादा घालतात आणि काही मिनिटांनी पडदा आपोआप बंद होईल अशी व्यवस्था करतात.

तिसरा मार्ग जोडणीच्या वेळीच ओळख पटविण्याचा. यात तारेने अथवा वाय-फायने जोडले जाण्यापूर्वीच व्यक्तीची व यंत्राची खूण मागितली जाते. ती मध्यवर्ती नोंदयादीशी पडताळून पाहिली जाते आणि मगच त्या उपकरणाला पत्ता मिळतो. २००१ मध्ये यासाठी एक आंतरराष्ट्रीय मानक ठरविण्यात आले. जेथे गोपनीय माहिती आहे, तेथे हाच मार्ग योग्य.

एका विशेष अडचणीचा उल्लेख येथे केला पाहिजे. काही ठिकाणी एकाच मोठ्या सर्व्हरवर अनेक कर्मचारी एकाच वेळी काम करतात. त्या सर्वांचा आयपी पत्ता एकच असतो. अशा वेळी पत्ता व व्यक्ती यांची जोडी जमत नाही. सर्व्हरवर एक साहाय्यक आज्ञावली बसवून प्रत्येक व्यक्तीच्या संवादांना वेगळे क्रमांक नेमून द्यावे लागतात. हे न केल्यास एकाला दिलेली मुभा सर्वांनाच मिळून जाते.

ओळख, अधिकार आणि नोंद

अंबरनाथ स्थानकातून मुंबईकडे रोज जाणारा प्रवासी पुढील गोष्ट सहज समजू शकेल. मासिक पास प्रवासाचा अधिकार सांगतो; ओळखपत्र व्यक्ती कोण ते सांगते. एकाचा पास दुसऱ्याने वापरू नये म्हणून तिकीट तपासनीस दोन्ही पाहू शकतो. फायरवॉलचेही तसेच आहे. ओळख पटल्यावर ती अधिकार पाहते, आणि हे अधिकार शक्यतो व्यक्तिगणिक न देता गटानुसार दिलेले असतात. एखाद्या शाळेचे उदाहरण घेऊ. शिक्षकांच्या गटाला शैक्षणिक संकेतस्थळे व शाळेच्या नोंदींची यंत्रणा खुली. मुख्याध्यापक व लिपिक यांना त्याशिवाय वेतन व लेख्यांची यंत्रणा खुली. विद्यार्थ्यांच्या संगणक कक्षाला केवळ शैक्षणिक साहित्य खुले. आणि अभ्यागताला शाळेच्या आतील कोणत्याही यंत्रणेकडे न जाता फक्त बाहेर जाण्याची वाट. शिक्षकाची बदली झाली की त्याचे नाव गटातून काढावयाचे आणि नव्या शिक्षकाचे घालावयाचे. नियम बदलण्याची गरज पडत नाही.

हे नियम वरून खाली क्रमाने वाचले जातात आणि जो पहिला लागू पडेल तो अंमलात येतो. म्हणूनच सर्वांत शेवटचा नियम नेहमी ‘वर सांगितलेले नाही ते सर्व अडवावे’ असा असावयास हवा. अनेक ठिकाणी एखाद्या दिवशी घाईने ‘सर्वांना सर्व खुले’ असा नियम वर घातला जातो आणि काम झाल्यावर तो काढावयाचे राहून जाते. त्यानंतर खालचे सारे नियम असून नसल्यासारखे होतात.

तिसरी बाब नोंदीची. कोणी, केव्हा, कोठून, कोठे गेले याची वही फायरवॉल ठेवते. संगणक सुरक्षेसाठी नेमलेल्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस जपून ठेवावयाच्या आहेत, यंत्रणांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळलेली ठेवावयाची आहेत आणि गंभीर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावयाची आहे. घड्याळाचा आग्रह कशासाठी, असा प्रश्न कोणाला पडेल. पत्ते दिवसागणिक बदलतात हे आपण वर पाहिलेच. तेव्हा नोंदीतली वेळ दहा मिनिटांनी चुकली तरी एकाच्या कृत्याचा ठपका दुसऱ्यावर येऊ शकतो.

पहारा कोठे फसतो

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका लेखा आज्ञावलीच्या अद्ययावत आवृत्तीतून पसरलेल्या नॉटपेट्या या विषाणूने जगभर थैमान घातले. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका कंटेनर टर्मिनलचे कामकाजही त्याने ठप्प केले. हा विषाणू एका संगणकात शिरल्यावर त्याच्या स्मृतीत राहिलेली वापरकर्त्यांची नावे व पासवर्ड काढून घेत असे आणि त्यांच्या आधारे शेजारच्या संगणकात प्रवेश करीत असे. म्हणजे पुढच्या दारावर तो खऱ्या कर्मचाऱ्याच्या नावानेच उभा राही. फाटक भक्कम असले तरी आतील खोल्यांना दारेच नसतील तर एक चोर सारे घर फिरू शकतो, हा त्याचा धडा. यावरूनच आतील जाळ्याचेही भाग पाडावेत आणि आतल्या माणसालाही प्रत्येक दाराशी ओळख विचारावी, हा विचार आता रूढ झाला आहे.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुबाडले गेले. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी गुन्हेगारांनी एक तोतया यंत्रणा उभी केली. खातेदाराची ओळख व शिल्लक तपासणाऱ्या खऱ्या यंत्रणेपर्यंत प्रश्न पोहोचलेच नाहीत. तोतया यंत्रणाच ‘मंजूर’ असे उत्तर देत राहिली. बनावट कार्डांनी २८ देशांतून रक्कम काढली गेली. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरविले. दाराबाहेरच्या माणसाने ओळख पटविणे जितके महत्त्वाचे, तितकेच ओळख विचारणाऱ्याने स्वतःची ओळख पटविणेही महत्त्वाचे असते, हे या घटनेने दाखविले.

मार्च २०२१ मध्ये तर खंडणीखोर विषाणूचा हल्ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणक यंत्रणेवरच झाला आणि ऑनलाईन कामकाजात खंड पडला. ज्या महामंडळाने आनंदनगरसारख्या वसाहती वसविल्या, त्याच्याही बाबतीत हे घडू शकते, तर लहान कार्यालयांनी गाफील राहणे परवडणारे नाही.

ग्रामपंचायतीच्या टेबलावर

या साऱ्या विवेचनाचा ग्रामीण भागाशी असलेला संबंध एका लहानशा वस्तूत सामावलेला आहे. ती वस्तू म्हणजे डिजिटल स्वाक्षरीची छोटी कळ. वित्त आयोगाच्या निधीतून होणारी देयके आता ई-ग्रामस्वराज या प्रणालीतून दिली जातात. एकाने देयक तयार करावयाचे आणि दुसऱ्याने ते तपासून मंजूर करावयाचे, अशी दुहेरी रचना असून त्यावर सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. दोन वेगवेगळ्या माणसांच्या संमतीखेरीज गावाचा पैसा हलू नये, हा त्यामागचा हेतू आहे.

आता समजा, दोन्ही कळा संगणकचालकाच्या टेबलाच्या एकाच खणात आहेत आणि त्यांचे सांकेतिक अंक एका चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटविलेले आहेत. फायरवॉल यंत्र ओळखील, प्रणाली स्वाक्षरी ओळखील आणि नोंदवहीत दोन नावे अचूक उमटतील. परंतु प्रत्यक्षात तेथे एकच माणूस असेल, आणि तो त्या दोघांपैकी कोणीही नसेल. पुढे चौकशी झाली तर स्वाक्षरी ज्याची त्यालाच जाब द्यावा लागेल. ‘कळ माझ्याजवळ नव्हती’ हे सांगणे सोपे आहे. ते सिद्ध करणे फार कठीण. विशेषतः नव्याने निवडून आलेल्या महिला सरपंचांच्या बाबतीत ‘तुम्ही त्रास घेऊ नका, आम्ही सांभाळतो’ असे म्हणून कळ काढून घेतली जाते, तेव्हा कामाच्या सोयीबरोबर त्यांचा कायदेशीर अधिकारही त्यांच्या हातातून जातो. ज्या अधिकारासाठी गावाने मतदान केले, तो खणात कुलूपबंद होऊन पडतो.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-क मध्ये, म्हणजे इंग्रजी क्रमाने ६६-सी मध्ये, दुसऱ्याचा पासवर्ड अथवा डिजिटल स्वाक्षरी अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा सांगितली आहे. कायदा गुन्हेगाराला शिक्षा करू शकतो. आपली कळ आपण जपण्याचे काम मात्र तो आपल्या वतीने करू शकत नाही.

काय करता येईल

यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र नाव व पासवर्ड असावा. ‘कार्यालय’ अथवा ‘शाळा’ या नावाचे सामाईक खाते बंद करावे. बदली, निवृत्ती अथवा पदमुक्ती झाल्याच्या दिवशीच त्या व्यक्तीचा प्रवेश बंद करावा, आणि कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत किल्ल्या व दप्तर यांच्याबरोबर या बाबीचाही उल्लेख असावा. महत्त्वाच्या प्रणालींसाठी पासवर्डबरोबर भ्रमणध्वनीवरील सांकेतिक अंकासारखा दुसरा पुरावा अनिवार्य करावा. अभ्यागतांचे वाय-फाय व कार्यालयाचे जाळे वेगळे ठेवावे. फायरवॉलच्या नियमांचे वर्षातून दोनदा वाचन करावे आणि ज्याचे कारण कोणाला सांगता येत नाही असा नियम काढून टाकावा. आर्थिक फसवणूक झाल्याचे ध्यानी येताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

त्याचबरोबर नोंदवहीचा दुरुपयोग होऊ नये याचीही काळजी घ्यावयास हवी. कोण कोठे गेले याची नोंद ही त्या व्यक्तीची वैयक्तिक माहितीच आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला आहे. या नोंदी सुरक्षिततेसाठी पाहाव्यात, कुतूहलापोटी पाहू नयेत. शाळेतील मुलांच्या नोंदींबाबत तर हे पथ्य अधिकच कसोशीने पाळले पाहिजे.

आनंदनगरच्या फाटकावरील पहारेकरी ओळखपत्रावरील छायाचित्र आणि समोरचा चेहरा ताडून पाहतो. फायरवॉलला डोळे नाहीत. आपण तिच्या हाती जी खूण देतो, तीच तिच्या लेखी आपला चेहरा असते. ती खूण दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे आपल्या नावाने वागण्याची त्याला मुभा देणे होय. सार्वजनिक कामात नावाला स्वाक्षरीचे आणि स्वाक्षरीला उत्तरदायित्वाचे मोल असते. म्हणून आजच आपल्या कार्यालयातील तो खण उघडावा आणि त्यातील कळ जिची तिच्या, ज्याची त्याच्या हाती द्यावी.